दोन भेगांमधले काँक्रीट

सळया घातलेल्या काँक्रीटच्या बीमला रोजच्या वापरात खालच्या अंगाने बारीक भेगा पडतात. त्या पडणार हे गृहीत धरूनच बीमचे गणित केलेले असते. एम २५ प्रतीचे काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसते. ओढले मात्र सव्वादोन न्यूटनांच्या आसपासच फाटते. वाकवताना हा आकडा थोडा वर जातो आणि आयएस ४५६ ही भारतीय संहिता तो ३.५ धरते. तेवढ्या ताणाला काँक्रीट दहा हजारात दीड भागाहूनही कमी लांबलेले असते. फे ५०० प्रतीच्या सळईची पूर्ण ताकद वापरायची तर ती दहा हजारात पंचवीस भाग लांबली पाहिजे, म्हणजे काँक्रीट फाटते त्याच्या सुमारे अठरा पट. तेव्हा काँक्रीट आधी फुटल्याशिवाय सळई कामाला लागतच नाही. भेग किती रुंद होईल, दोन भेगांत अंतर किती राहील आणि बीम किती झुकेल हे खरे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरे एकाच गोष्टीवर अवलंबून असतात: सळई आणि काँक्रीट यांची एकमेकांवरची पकड.

घरबांधणीत नेहमी दिसणारा बीम घेऊ: २३० मिलिमीटर रुंद, ४५० मिलिमीटर उंच, एम २५ काँक्रीट, खाली १६ मिलिमीटरच्या तीन सळया. वाकवणारे आघूर्ण वाढत वाढत २७ किलोन्यूटन-मीटरपर्यंत आले की पहिली भेग पडते. भेग पडण्याच्या क्षणभर आधी सळईतले प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला जेमतेम २३ न्यूटन असते. भेग पडताच त्या जागी काँक्रीटने सोडलेला सगळा ताण सळईवर येतो आणि हे प्रतिबल एकदम १२० च्या वर जाते. ही पाचपट उडी फक्त भेगेपाशी असते. तिथून वीतभर बाजूला गेले की काँक्रीट अजून अखंड असते, ताण घेत असते आणि सळई पुन्हा हलकी झालेली असते. एकाच सळईत, एकाच भाराखाली, वीतभर अंतरात प्रतिबल इतके बदलते. सळईतून निघालेले हे बल काँक्रीटमध्ये जाते ते फक्त सळईच्या पृष्ठभागावरून. तिथे काय घडते ते आकड्यांत मांडणे म्हणजे पकडीचे मॉडेल तयार करणे.

पकड तीन गोष्टींची मिळून होते. सिमेंटचा गारा सळईला चिकटतो, ही पहिली गोष्ट. हे चिकटणे नाजूक असते आणि सळई किंचित सरकली तरी संपते. दुसरी गोष्ट घर्षण. तिसरी आणि सर्वांत मोठी म्हणजे सळईवरच्या कंगोऱ्यांचा काँक्रीटमधला अडसर. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डफ अब्रॅम्स यांनी १९१३ मध्ये सळया काँक्रीटमधून ओढून काढण्याच्या प्रयोगांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पकडीचा अभ्यास शिस्तीने तेव्हापासून सुरू झाला असे म्हणता येते. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, अर्नेस्ट रॅन्सम यांनी पीळ दिलेल्या चौकोनी सळईचे पेटंट घेतले होते. गुळगुळीत सळई निसटते हे बांधणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच जुन्या इमारतींतल्या प्लेन सळयांना टोकाला हूक दिलेले आढळतात. मधल्या लांबीत पकड कमी, म्हणून टोकाला आकडा अडकवायचा, असा त्यामागचा विचार. पुढे पीळ दिलेली टॉर सळई आली, मग टीएमटी. दोन्हींवर कंगोरे असतात आणि पकडीचा मोठा वाटा तेच उचलतात.

कंगोरे काँक्रीटमध्ये नेमके काय करतात हे डोळ्यांनी दाखवून दिले ते जपानच्या युकिमासा गोतो यांनी. काँक्रीटच्या लांबट ठोकळ्यात मधोमध एक कंगोरेदार सळई बसवून त्यांनी ती दोन्ही टोकांनी ओढली. ओढलेल्या अवस्थेतच सळईलगत ठेवलेल्या बारीक मार्गांतून लाल शाई आत सोडली आणि नंतर ठोकळा चिरून पाहिला. बाहेरून मोजक्या भेगा दिसत होत्या. आत मात्र लाल रेघांची रांगच उमटली होती. कंगोऱ्यांपासून निघालेल्या, सळईशी सुमारे ६० अंशांचा कोन करणाऱ्या या भेगा बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छायाचित्रांनी पकडीची कल्पना बदलली. सळई काँक्रीटला डिंकासारखी चिकटलेली नसते. प्रत्येक कंगोरा काँक्रीटच्या एका तिरक्या दातावर टेकलेला असतो. दात थोडा वाकतो, त्याच्या बुडाशी बारीक भेग पडते आणि सळई तेवढी पुढे सरकते. पकड जागी व्हायची तर सळईने थोडे सरकलेच पाहिजे. पुढची सगळी मॉडेले या एका वाक्यावर उभी आहेत.

दात तिरका असल्यामुळे दुसरीही एक गोष्ट होते. कंगोरा काँक्रीटला पुढे ढकलतो तसा बाहेरही ढकलतो. पाण्याने भरलेला नळ आतून दाबाखाली असतो, तशी सळईभोवतीची काँक्रीटची कडी आतून ताणली जाते. स्वीडनच्या चाल्मर्स संस्थेत राल्येस टेपफर्स यांनी १९७३ मध्ये या कडीचे गणित मांडले. सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, जाड असेल, बाहेरून रिंगांनी आवळलेले असेल तर कडी टिकते आणि शेवटी कंगोऱ्यांमधले काँक्रीट कातरून सळई बाहेर येते. कव्हर पातळ असेल तर त्याच्या कितीतरी आधी कव्हरच सळईच्या रेषेत फाटते. एकाच सळईची पकड दोन ठिकाणी वेगळी निघते ती यामुळे.

आता पुन्हा त्या बीमकडे. भेगेपासून दूर जाताना सळईतले बल हळूहळू काँक्रीटमध्ये उतरते. काँक्रीटमधला ताण वाढत वाढत त्याच्या मर्यादेला पोचतो तिथे दुसरी भेग पडू शकते. त्याच्या आत पडू शकत नाही, कारण तेवढा ताणच तिथे पोचलेला नसतो. या अंतराला संक्रमण लांबी म्हणू. तिचे सूत्र सोपे आहे: काँक्रीटची ताणशक्ती गुणिले सळईचा व्यास, भागिले पकडीच्या सरासरी प्रतिबलाची चौपट गुणिले सळईचे काँक्रीटमधले प्रमाण. हे प्रमाण सगळ्या बीमचे घ्यायचे नसते. सळईभोवतीचा जो पट्टा प्रत्यक्ष ताणात असतो, तेवढ्याच पट्ट्याचे घ्यायचे. आपल्या बीममध्ये तो खालचा शंभर मिलिमीटरांचा पट्टा आहे आणि त्यात सळईचे प्रमाण अडीच टक्के निघते.

या सूत्रात एक मोठी गंमत दडलेली आहे. युरोपातील तज्ज्ञांच्या २०१० च्या मॉडेल कोडमध्ये पकडीचे सरासरी प्रतिबल काँक्रीटच्या ताणशक्तीच्या १.८ पट धरले आहे. म्हणजे ताणशक्ती सूत्रात वर येते तशीच खालीही येते आणि कटून जाते. उरतो फक्त सळईचा व्यास भागिले तिचे प्रमाण. काँक्रीट भारी प्रतीचे वापरल्याने भेगांमधले अंतर बदलत नाही. सळया बारीक आणि जास्त केल्या की ते कमी होते. पाण्याच्या टाकीत जाड सळया लांब लांब टाकण्याऐवजी बारीक सळया जवळ जवळ बांधतात, त्यामागचे कारण हेच.

१६ मिलिमीटरच्या सळईसाठी हा हिशेब सुमारे ८७ मिलिमीटर येतो. त्यात कव्हरमधून ताण पृष्ठभागापर्यंत पसरायला लागणारे अंतर मिळवले की सुमारे १२०. दोन भेगांत याहून कमी अंतर असू शकत नाही आणि याच्या दुपटीहून, म्हणजे २४० हून जास्तही राहू शकत नाही. दुपटीहून जास्त राहिले तर मध्ये आणखी एका भेगेला जागा होते आणि ती पडतेच. आता वापरातले आघूर्ण ५५ किलोन्यूटन-मीटर धरले तर भेगेपाशी सळईत २४५ न्यूटनांचे प्रतिबल येते. काँक्रीटची मदत मुळीच धरली नाही तर २४० मिलिमीटर लांबीत सळई ०.२९ मिलिमीटर लांबते आणि भेग तेवढी रुंद होते. मधल्या काँक्रीटने उचललेला वाटा वजा केला की ती ०.२२ वर येते. आयएस ४५६ ची सर्वसाधारण मर्यादा ०.३ आहे, ओलाव्याच्या जागी ०.२ आणि तीव्र हवामानात ०.१. म्हणजे हाच बीम दिवाणखान्यात चालतो आणि सतत ओल असलेल्या जागी अपुरा ठरतो. या सगळ्याच्या पलीकडे, चार मीटर लांबीत पकड अजिबात नाही असे समजले, तर सळईचे जवळपास पाच मिलिमीटर लांबणे एकाच भेगेत उघडे पडेल. भेगा पुष्कळ आणि बारीक असणे हे पकड चांगली असल्याचे लक्षण आहे. घरमालक भेगा मोजून घाबरतो, पण मोजायला हवी ती भेगेची रुंदी.

झुकण्याचीही गोष्ट अशीच. हा बीम अखंड असताना जेवढा ताठ असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी ताठपणा त्याच्या भेगेतल्या छेदाला असतो. खरा बीम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, कारण दोन भेगांमधले काँक्रीट अजून काम करत असते. या मदतीला ताण-ताठरता म्हणतात. डॅन ब्रॅन्सन यांनी १९६० च्या दशकात या दोन टोकांना जोडणारे सूत्र दिले आणि ते अमेरिकी संहितेत अनेक दशके राहिले. मात्र कमी सळया असलेल्या स्लॅबमध्ये ते ही मदत फार उदारपणे मोजते, असे पीटर बिशॉफ यांनी दाखवले. अमेरिकी संहितेच्या २०१९ च्या आवृत्तीने जुने सूत्र काढून त्यांचे घेतले. ही मदत कायमची नसते हेही लक्षात ठेवावे लागते. भार वर्षानुवर्षे राहिला की सळईभोवतीचे दात आणखी झिजतात, वाकतात आणि काँक्रीटचा वाटा घटतो.

सरासरी प्रतिबलावर काम भागते ते नेहमीच्या आराखड्यात. त्यापुढे जायचे तर सळई किती सरकली आणि पकड किती मिळाली, यांची वक्ररेषा लागते. अमेरिकेत बर्कलीला रोल्फ एलिगेहाउसन, एगोर पोपोव्ह आणि विटेल्मो बर्तेरो यांनी १९८३ मध्ये अशा असंख्य ओढ-प्रयोगांतून ती रेषा मांडली आणि १९९० च्या मॉडेल कोडने ती स्वीकारली. चांगल्या आवळलेल्या काँक्रीटमध्ये पकड आधी झपाट्याने आणि मग मंद गतीने वाढते. सळई एक मिलिमीटर सरकली की ती शिखरावर येते, तीन मिलिमीटरपर्यंत तिथेच राहते आणि मग उतरून शिखराच्या चाळीस टक्क्यांवर स्थिर होते. तिथे उरलेले असते ते फक्त घर्षण. एम २५ साठी हे शिखर दर चौरस मिलिमीटरला ११ न्यूटनांच्या आसपास येते. त्याच काँक्रीटमध्ये प्लेन सळईला १.३ च्या पुढे मिळत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या इमारतीचे मॉडेल टीएमटीच्या रेषेवर चालवणे किती चुकीचे ठरेल, हे या दोन आकड्यांवरून कळते. अशा इमारतीत भेगा थोड्या पण रुंद असतात.

इथे वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. शिखर ११, भेगांच्या हिशेबातले सरासरी प्रतिबल ४ आणि आयएस ४५६ मध्ये याच काँक्रीटमधल्या कंगोरेदार सळईला फक्त २.२४. तिन्ही आकडे बरोबर आहेत. ०.२२ मिलिमीटरची भेग म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना सळई ०.११ मिलिमीटर सरकलेली. वक्ररेषेवर एवढ्या सरकण्याला साडेचारच्या आसपास पकड मिळते आणि भेगेपासून दूर जाताना ती कमी होत जाते. म्हणून सरासरी चारच्या जवळ येते. वापरातला बीम रेषेच्या पहिल्या दहाव्या भागातच वावरतो, शिखर त्याला कधी दिसतच नाही. २.२४ हा आकडा तर सळई टोकाला सुटणार नाही याची हमी देण्यासाठी आहे. त्यात सुरक्षिततेचा वाटा धरलेला आहे आणि कव्हर फाटण्याची धास्तीही. याच आकड्यावरून फे ५०० च्या १६ मिलिमीटर सळईला सुमारे ७७७ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या ४९ पट रुतवण लागते. साइटवर फिटर ‘पन्नास डाया’ म्हणतो तो हाच हिशेब.

संगणकावर बीम उभा करताना पकडीचे काय करायचे, याचा पहिला प्रयत्न १९६७ मध्ये एन्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी बर्कलीतच केला. काँक्रीट बीमला फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे बीमचे लहान लहान घटक पाडून गणित करण्याची पद्धत, लावणारा तो पहिला शोधनिबंध. त्यांनी भेगा कुठे पडतील हे आधीच ठरवून ठेवले होते आणि सळई व काँक्रीट यांच्यामध्ये लहान लहान काल्पनिक स्प्रिंगा बसवल्या होत्या: एक सळईच्या दिशेने, एक तिला काटकोनात. या जोड-घटकाला स्वतःचा आकार नव्हता, होता तो फक्त ताठपणा. पुढच्याच वर्षी आर्थर निल्सन यांनी स्प्रिंगेचा ताठपणा सरकण्याबरोबर बदलता ठेवला. त्याच सुमारास राशिद यांनी भेग एका रेषेत न दाखवता घटकभर पसरलेली धरण्याची युक्ती काढली आणि बहुतेक संगणक-कार्यक्रमांनी तो सोपा रस्ता धरला. सळई काँक्रीटला पक्की जोडलेली मानायची, सरकणे शून्य, आणि भेगांमधल्या काँक्रीटची मदत त्याच्या प्रतिबल-विकृती रेषेला फुटल्यानंतर एक उतरते शेपूट जोडून भरून काढायची.

पूर्ण इमारतीसाठी हा सोपा रस्ता योग्य आहे. झुकणे आणि अंतिम ताकद त्यातून नीट मिळते. भेगेची रुंदी विचारली की मात्र तो तोकडा पडतो, कारण सरकणे शून्य धरले तर भेग उघडायला जागाच राहत नाही. तिथे स्प्रिंगा किंवा सळईभोवतीचा पातळ जोड-थर घ्यावाच लागतो. घटकही लहान हवेत. भेगा १२० ते २४० मिलिमीटरांवर पडणार असतील, तर शंभर मिलिमीटरच्या घटकाला त्या दिसणार नाहीत. पंचवीस-तीसचे घटक लागतात. सगळ्या घटकांना तंतोतंत एकच ताणशक्ती दिली तर समान आघूर्णाच्या पट्ट्यात सगळे एकदम फुटतात. म्हणून ताणशक्तीत थोडा यादृच्छिक चढउतार ठेवतात, जसा खऱ्या काँक्रीटमध्ये असतोच. सर्वांत नेहमीची चूक मात्र वेगळी आहे. जोड-थर घातल्यावरही काँक्रीटच्या रेषेचे ते शेपूट तसेच ठेवले जाते. मग एकच मदत दोनदा मोजली जाते, बीम खऱ्यापेक्षा ताठ दिसतो आणि भेगा खऱ्यापेक्षा बारीक. स्क्रीनवरचे चित्र देखणे असल्यामुळे ही चूक सहज पचते.

वक्ररेषा ज्या प्रयोगातून येते त्याचीही मर्यादा आहे. ठोकळ्यातून सळई ओढताना ठोकळा टेकलेल्या बाजूने दाबला जातो आणि तो दाब सळईला आवळतो. बीमच्या खालच्या अंगाला काँक्रीट उलट ताणात असते. शिवाय भेगेच्या अगदी काठाला गोतोंच्या तिरक्या भेगा मोकळ्या बाजूला निघतात आणि टोकाचा दात उचकटतो. म्हणून मॉडेल कोड भेगेलगतच्या काही व्यासांच्या लांबीत पकड कमी धरायला सांगतो. भूकंपात बीम-कॉलमच्या सांध्यातली सळई पुढे-मागे ओढली जाते, तेव्हा रेषेचे शिखर आणि उतार प्रत्यक्ष वापरात येतात. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० या संहितेने कॉलमची जाडी बीमच्या सर्वांत जाड सळईच्या निदान वीस पट मागितली आहे, ती सळई सांध्यातून निसटू नये म्हणून.

उरतो साइटवरचा भाग आणि तो मॉडेलमध्ये सहसा येत नाही. खोल बीममध्ये वरच्या सळईखाली हात-दीड हात ओले काँक्रीट असते. ते बसते, पाणी वर येते आणि सळईच्या पोटाखाली अडकते. वाळल्यावर तिथे पोकळीची एक रेघ उरते. अमेरिकी संहिता सळईखाली ३०० मिलिमीटरहून जास्त ओले काँक्रीट असेल तर रुतवणीची लांबी तीस टक्क्यांनी वाढवायला सांगते. आयएस ४५६ मध्ये असा गुणक नाही. गंजापासून वाचण्यासाठी इपॉक्सीचा थर दिलेल्या सळईचे घर्षण घटते आणि पातळ कव्हर असेल तर अमेरिकी संहिता दीडपट लांबी मागते. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या खाऱ्या हवेत उघड्या सळईचा गंज आणखी वेगळे रूप दाखवतो. सुरुवातीचा पातळ गंज पकड थोडी वाढवतो. मग फुगलेला गंज कव्हर फाडतो आणि कंगोऱ्यांना टेकायला काँक्रीटच उरत नाही. अशा बीमच्या तपासणीत उरलेल्या सळईचा व्यास मोजून थांबतात, पण पकड व्यासाच्या आधी गेलेली असते.

म्हणून मॉडेल करणाऱ्याने वक्ररेषा निवडण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहून याव्यात: कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का, रिंगांमधले अंतर नकाशाप्रमाणे आहे का आणि सळयांच्या खालपर्यंत व्हायब्रेटर पोचला का. आवळलेल्या काँक्रीटसाठी १९९० चा मॉडेल कोड पंधरा टक्क्यांऐवजी चाळीस टक्के पकड शिल्लक धरतो, आणि या दोन आकड्यांपैकी कोणता घ्यायचा ते याच तीन उत्तरांवर ठरते.